आखाजीचा शुक्रवार, मतदानाचा सोमवार

माझ्या नातीची नाशिकची नोकरी हुकली, कारण त्या दिवशी बँक बंद होती, असे आमच्या मेहरूणच्या गल्लीत सांगितले जाते. आमच्या घरातही तसेच सांगितले जाते. मागच्या लग्नसराईत एरंडोलच्या एका मांडवात तर एका परक्या गृहस्थाने, मी कोण हे ठाऊक नसताना, पंगतीत शेजारी बसून हीच गोष्ट मला ऐकवली. त्याच्या सांगण्यात म्हातारा आजोबा सुट्टी विसरला, मुलीला घेऊन धुळ्याला गेला आणि बँकेचे कुलूप पाहून परत आला. मी वाढलेल्या पानावरून उठलो नाही, कारण अन्नाचा अपमान मी करत नाही. पण हे लिहून ठेवायचे, हे तिथेच ठरवले. बँक बंद नव्हती. मी सुट्टी विसरलो नव्हतो. जे घडले ते याहून वेगळे आहे, आणि ते सांगण्यात माझा काही फायदा आहे असे मात्र कोणी समजू नये.

धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत मी पस्तीस वर्षे नोकरी केली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. मुलगा जळगावात स्थिरावला म्हणून मीही जळगावला आलो, पण बँक हलवली नाही. खाते धुळ्याला, लॉकर धुळ्याला. याला घरातले हट्ट म्हणतात. माझे म्हणणे असे की, जिथे माझी सही चेहऱ्यासकट ओळखतात तिथेच माझे कागद सुरक्षित. लॉकरसाठी एसटीने अडीच तास जायचे आणि अडीच तास यायचे. ज्याला पाच मिनिटांच्या कामासाठी असा प्रवास करावा लागतो त्याला सुट्ट्यांचा अभ्यास ठेवावाच लागतो.

तो मी ठेवला होता. छापील दिनदर्शिकेतला लाल आकडा पाहून बँकेचा दिवस ठरवणारा माणूस हमखास फसतो. पोळ्याला जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. कचेऱ्या, शाळा बंद होतात, बँक मात्र चालू असते. एक एप्रिलला बँकेचे दार उघडे दिसते, आत माणसेही बसलेली असतात, पण ती वर्षाचे हिशेब मिटवत असतात, तुमचे काम करत नाहीत. शिरपूर ओलांडून घाटापलीकडे सेंधव्याला गेलात की राज्य बदलते आणि राज्याबरोबर सुट्ट्याही. हे सारे मी दर जानेवारीत माझ्या पेन्सिलीने दिनदर्शिकेवर लिहून काढत असे. गल्लीतली माणसे बँकेत जाण्यापूर्वी माझ्या दारावरून जात. "आबा, उद्या बँक शे का?" एवढेच विचारत, आणि मी न उठता उत्तर देत असे. माझे उत्तर चुकल्याचे मला आठवत नाही.

लोकसभेच्या निवडणुकीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गुरुवार होता आणि दुसऱ्या दिवशी आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. बाहेरच्या माणसाला सांगावे लागते की खान्देशात दिवाळीपेक्षा हा सण मोठा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि घरोघर पितरांच्या नावाने घागर भरून पुजली जाते. माझी लेक शिरपूरकडून आली होती. स्वयंपाकघरात ती आणि सूनबाई सांजोऱ्या तळत होत्या. मी ओट्यावर समोरच्या नानांशी बोलत बसलो होतो. नाना निवृत्त शिक्षक, माझ्याच वयाचे, आणि माझे प्रत्येक वाक्य तपासून घेण्याची त्यांना सवय. तेवढ्यात नात बाहेर आली. हातात मोबाइल होता.

"आबा, नाशिकचा निरोप आला. मंगळवारी बोलावलंय कागद तपासायला. दहा ते एक."

प्रयोगशाळा सहायकाची जागा होती. परीक्षा होऊन, निवड यादीत नाव लागून ती कित्येक महिने या निरोपाची वाट पाहत होती. मी म्हणालो, "मग तोंड का उतरलंय?"

"मूळ कागद लागतील. झेरॉक्स चालणार नाही, मोबाइलमधलं चालणार नाही, आणि पुन्हा तारीख मिळणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

मूळ कागद धुळ्याच्या लॉकरमध्ये होते. घरातला एकही महत्त्वाचा कागद घरात राहणार नाही, हा नियम माझा. पत्नी गेल्यापासून लॉकर माझ्या एकट्याच्या नावावर, त्यामुळे माझ्यावाचून तो कोणालाही उघडता येत नव्हता.

मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. "झालं," तो म्हणाला. "उद्या आखाजी, परवा दुसरा शनिवार, मग रविवार, आणि सोमवारी मतदान. चार दिवस बँक बंद."

"आखाजीला बँक बंद नसते," मी म्हणालो.

नाना हसले. "आबा, आखाजीला खान्देशात कोणी शेतात पाय टाकत नाही. बँकवाले काय विलायतेतून आले?"

"आखाजी बँकेच्या सुट्ट्यांच्या यादीत नाही. खान्देशचा सण मुंबईतल्या यादीत बसत नाही, नाना. तुम्ही भूगोल शिकवत होता ना?"

"गणित. आणि गणितात चार म्हणजे चार."

"दोन. शनिवार आणि रविवार. सोमवारीसुद्धा धुळ्याची बँक उघडी आहे."

आता मुलगाही हसला. "आबा, सोमवारी मतदान आहे. तुम्ही स्वतःच स्लिपा आणून ठेवल्यात."

"जळगावचं मतदान आहे. धुळ्याचं त्याच्या पुढच्या सोमवारी. ज्या मतदारसंघात मतदान, तिथे सुट्टी."

"म्हणजे इथून धुळ्यापर्यंत जाईस्तोवर सोमवार बदलतो?" नानांनी विचारले.

"बदलतो."

"लागली पैज. हरलात तर वर्षभर या ओट्यावर सुट्टी हा शब्द काढायचा नाही."

"आणि जिंकलो तर वर्षभर तुम्ही मला विचारल्याशिवाय बँकेत जायचं नाही."

नात या बोलण्याच्या मध्ये उभी होती. ती म्हणाली, "आबा, आखाजीला उघडी असते ना? मग उद्याच जाऊन येऊ. पहाटेच्या गाडीने."

मी म्हणालो, "उद्या घागर आहे. सोमवारी मत देऊन निघू. बँकेतून तू तशीच नाशिकला जा, मी परत येईन. एका दिवसात सगळं बसतं."

ती म्हणाली, "बरं, आबा."

शुक्रवारी सकाळी घागर भरली. पत्नीच्या नावाची घागर मीच पुजतो. त्यावर खरबूज ठेवले, सांजोरी ठेवली, नमस्कार केला. हे सगळे साडेनऊला आटोपले. अकराच्या सुमारास मी नानांना बोलावले आणि त्यांच्यासमोर धुळ्याच्या बँकेला फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"बँक चालू आहे का?"

"चालू आहे. काय काम होतं?"

"काही नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

नानांनी एकदा फोनकडे पाहिले. मग म्हणाले, "आबा, शुक्रवार तुमचा. पण बँक चालू आहे तर तुम्ही इथे काय करताय?"

"घागर होती," मी म्हणालो. नात आतून आमरसाची वाटी घेऊन आली होती. तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि पुन्हा आत गेली.

सोमवारी मी सकाळी सात वाजता मत देणाऱ्या पहिल्या दहा जणांत होतो. बोटाची शाई वाळण्यापूर्वी आम्ही एसटी स्टँडवर पोचलो. पण बऱ्याच गाड्या निवडणुकीच्या कामाला घेतलेल्या. दीड तास गाडी लागली नाही. धुळ्याला उतरून बँकेपाशी पोचायला सव्वाअकरा वाजले. शटर वर होते. आत पंखे फिरत होते, लोक रांगेत उभे होते. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मी नातीला म्हणालो, "एक फोटो काढ. मागे बोर्ड आणि उघडं दार दोन्ही आलं पाहिजे. नानांना पाठव." तिने काढला आणि पाठवला.

मग मी लॉकरच्या खोलीकडे वळलो. तिथला शिपाई मला वीस वर्षांपासून ओळखतो. तो उठून उभा राहिला, पण बाजूला झाला नाही.

"आबा, बँक उघडी शे, पन लॉकरना सायेब ड्युटीवर ग्यात."

"कोणत्या ड्युटीवर?"

"इलेक्शनना."

मी म्हणालो, "धुळ्यात आज निवडणूक नाही." तो मला मॅनेजरच्या खोलीत घेऊन गेला.

मॅनेजर तरुण होता आणि नम्र होता. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक माझी, एक बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही, हे त्याने मला समजावण्याचे कारण नव्हते, तरी समजावले. बँकेची किल्ली ज्या अधिकाऱ्याकडे, त्याला मतदानाच्या निरीक्षणाच्या कामावर घेतले होते. "धुळे शहराचं मतदान पुढच्या सोमवारी, बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "पण शिरपूर तालुका नंदुरबार मतदारसंघात जातो, आबा. जिल्हा आपलाच, मतदान मात्र आज. इथली माणसं तिकडे पाठवलीत."

मी खुर्चीत बसलो. शिरपूरचे मतदान नंदुरबारबरोबर होते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. माझी लेक तिथे दिली आहे. तिच्या घरी मी मतदानावर वाद घातले आहेत. बँक कुठे उभी आहे याचा विचार मी बारकाईने केला होता. बँकेतली माणसे त्या दिवशी कुठे पाठवली जातील, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता. पस्तीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या.

"पण किल्ली तर दुसऱ्याच्या ताब्यात देऊन जायची असते," मी म्हणालो.

"असते. शुक्रवारी संध्याकाळी ते घाईत निघाले. जुडगा त्यांच्याच बॅगेत गेला." मॅनेजरने मान खाली घातली. "आज सकाळी लक्षात आलं. तिकडे फोन लागत नाही, आणि लागला तरी मतदान केंद्रात फोन नेता येत नाही."

"शुक्रवारी दिवसभर ते इथे होते?"

"पाच वाजेपर्यंत."

मी नातीकडे पाहिले नाही.

बँकेत त्या दिवशी मॅनेजर, रोखपाल आणि शिपाई एवढेच होते. कोणालाही हलता येत नव्हते. मॅनेजरने त्या अधिकाऱ्याच्या नावे पत्र दिले की या गृहस्थांबरोबर किल्ली पाठवावी. आम्ही जीप ठरवली आणि शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी गेलो. पोचायला दीड वाजला. शाळेच्या आवारात मतदान चालू होते. बाहेर लिंबाच्या सावलीत डोंगरातून उतरलेली कुटुंबे बसली होती. बायांनी भाकरीची फडकी सोडली होती. पोलिसाने चुन्याच्या रेघेपाशी आम्हाला अडवले आणि आत निरोप पाठवला.

शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "मत देवाले उनात का, आबा?"

मी शाईचे बोट दाखवले. "दिलं. जळगावला."

"मंग आठे काय करी राह्यनात?"

मी इथे काय करतोय, हे मी हातातले पत्र दाखवून सांगू लागलो. नात मात्र हसून त्याला म्हणाली, "किल्ली हरवली बाबा, शोधायला आलो."

अधिकारी अर्ध्या तासाने बाहेर आला. घामाघूम झालेला, गळ्यात ओळखपत्र. त्याने पत्र वाचले, पुन्हा वाचले आणि घडी करून मला परत दिले.

"आबा, चूक माझी आहे. किल्ली माझ्याकडेच राहिली. पण ती ग्राहकाच्या हातात देता येत नाही."

"मॅनेजरची सही आहे."

"सही आहे. पण तुमची किल्ली तुमच्याजवळ आणि बँकेची पण तुमच्याजवळ, असं एका माणसाकडे दोन्ही? उद्या कोणाचा एखादा दागिना कमी निघाला तर मी काय सांगू? बँकेचा माणूस पाठवा, लगेच देतो."

"मी स्वतः पस्तीस वर्षे सरकारी कागद सांभाळलेत."

"म्हणूनच तुम्हाला समजेल," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे बरोबर होते. मी त्याच्या जागी असतो तर मीही दिली नसती. आयुष्यभर असेच नियम सांगून मी लोकांना परत पाठवले होते. कोणाला किती लांबून यावे लागले हे मी कधी विचारले नव्हते. त्या चुन्याच्या रेघेवर उभा असताना हे माझ्या ध्यानात आले. मतदान सहापर्यंत, मग यंत्रे जमा करेपर्यंत तो सुटणार नव्हता. नातीने माझ्या कोपराला धरले. "चला आबा. झेरॉक्स घेऊन जाते मी. विनंती करून पाहू."

संध्याकाळच्या गाडीने ती एकटी नाशिकला गेली. मी धुळ्यात जुन्या सहकाऱ्याकडे मुक्काम केला आणि मंगळवारी सकाळी साडेनऊला बँकेच्या दारात उभा राहिलो. अधिकारी आला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मतदानाचे साहित्य परत करता करता त्याला पहाट झाली होती, डोळे लाल होते. त्याने खोलीत शिरताच माझी क्षमा मागितली. दोन किल्ल्या फिरल्या, कप्पा उघडला, फाइल माझ्या हातात आली. साडेअकरा.

मी फोन लावला. ती म्हणाली, "रांगेत आहे आबा. माझा नंबर बाराच्या सुमाराला येईल. एकला दार बंद करतात."

"कागद मिळाले."

पलीकडे रांगेतल्या कोणाचा तरी नंबर पुकारला गेला. मग ती म्हणाली, "आता पळू नका आबा. ऊन फार आहे."

मी गाडी भाड्याने केली. चालवणाऱ्याला मी किती वेळा घाई केली हे तोच सांगू शकेल. मालेगाव सोडले तेव्हा बाराचा काटा ओलांडून गेला होता. मांडीवर फाइल होती. तिची पदवी, तिचे गुणपत्रक, तिचा जन्माचा दाखला, सगळे कोरे करकरीत, कारण मी ते कोणाला हाताळू दिले नव्हते. इतकी वर्षे मी ते जपले ते या एका दिवसासाठी, आणि तो दिवस गाडीच्या काचेबाहेरून मागे पळत होता. माझा विश्वास बसत नव्हता की हे माझ्याकडून होत आहे. माझ्या हातून.

अडीचला पोचलो. हॉलच्या दाराला कडी घातलेली होती आणि एक बाई व्हरांडा झाडत होत्या. भिंतीवरच्या यादीत माझ्या नातीच्या नावापुढे हाताने लिहिले होते, मूळ कागदपत्रे सादर केली नाहीत. त्याखालच्या प्रतीक्षा यादीतल्या एका नावापुढे बरोबरची खूण होती. नात पायऱ्यांवर बसली होती. मी फाइल पुढे केली. तिने ती घेतली नाही. "चहा घेऊ या का?" तिने विचारले.

परतताना आम्ही धुळ्याला मुक्काम केला, आणि बुधवारी सकाळी मी फाइल पुन्हा लॉकरमध्ये ठेवली. हेही लिहिले पाहिजे. ती माझ्या शेजारी उभी राहून पाहत होती. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही.

घरी पोचलो तेव्हा मुलगा दारातच होता. त्याने काही विचारण्यापूर्वी नात म्हणाली, "बँक बंद होती, पप्पा. मतदानामुळे."

मी थक्क होऊन तिच्याकडे पाहिले. "बंद नव्हती," मी म्हणालो. "उघडी होती. मी आत जाऊन आलो."

"हो आबा," मुलगा म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला समजूत घालताना म्हणतात तसे. लेक अजून माहेरीच होती, तिने मला पाणी आणून दिले. कोणी वाद घातला नाही. माझ्या घरात माझ्याशी कोणी वाद घातला नाही, यानेच मी अधिक अस्वस्थ झालो.

दुसऱ्या दिवशी मी नानांकडे गेलो. "फोटो आला ना तुमच्याकडे? उघड्या बँकेचा?"

नाना सुपारी कातरत होते. "आला असेल."

"मग गल्लीत सांगा की बँक उघडी होती. पैज मी जिंकलो."

"मोबाइल बिघडला, आबा. फोटो गेले सगळे."

"बघू मोबाइल."

"आबा," नाना म्हणाले, आणि अडकित्ता बाजूला ठेवला, "बँक बंद होती असंच बरं आहे. सगळ्यांसाठी."

मला तेव्हा फक्त राग आला. वर्षभर मी जो भेटेल त्याला सांगत राहिलो की बँक उघडी होती, आणि जो तो मान हलवून दुसऱ्या विषयाकडे वळत राहिला. त्यांना वाटे, आबा आपली अब्रू राखतात. प्रत्यक्षात माझी अब्रू ते राखत होते. बंद बँक ही कोणाचीच चूक नसते. उघडी बँक म्हटले की पुढचा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न नानांनी मला शुक्रवारी अकरा वाजताच विचारला होता.

एरंडोलच्या मांडवातून परत आलो त्या संध्याकाळी मी नातीला ओट्यावर बोलावले. मुलगा, सून आत होते. त्यांनीही ऐकावे म्हणून मी आवाज खाली ठेवला नाही. मी म्हणालो, "बँक सोमवारी उघडी होती, पण ते महत्त्वाचं नाही. शुक्रवारी उघडी होती. किल्ली तिथेच होती, साहेब तिथेच होता, आणि माझी घागर साडेनऊला झाली होती. दहाच्या गाडीने निघालो असतो तरी कागद मिळाले असते. मी गेलो नाही, कारण शुक्रवार उघडा असल्याचं कोणालाही फोन करून कळलं असतं. सोमवार फक्त मला माहीत होता. मला सोमवारीच जायचं होतं. तुझ्या नोकरीपेक्षा मला नाना हरायला हवे होते. हे खरं आहे, आणि तू लोकांना दुसरं सांगितलंस."

ती माझ्या शेजारी ओट्यावर बसली. मग म्हणाली, "शुक्रवारी पहाटेच्या गाडीच्या दोन जागा मी काढल्या होत्या, आबा."

"कधी?"

"गुरुवारीच. निरोप आला तेव्हा. तुम्हाला सांगायला बाहेर येण्याआधी मी बँकेच्या सुट्ट्या मोबाइलवर बघितल्या, आखाजी नव्हती त्यात. म्हणून जागा काढल्या. मग बाहेर आले."

जे मला इतकी वर्षे पेन्सिलीने करावे लागले ते तिने दोन मिनिटांत केले होते. पण माझे डोके त्यावर थांबले नव्हते. दोन जागा. एक तिची, एक माझी. तिकिटे तिच्या हातात होती आणि मी ओट्यावर पैज लावत होतो.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. उद्याच जाऊ म्हटलं."

"तिकिटांचं नाही बोललीस. तिकिटं आहेत म्हणाली असतीस तर मी उठलो असतो."

"उठला असता?" तिने विचारले. हे तिने रागाने विचारले नाही. तिला खरोखरच माहिती हवी होती. "नाना बसले होते. तुम्ही सोमवार म्हणून मोकळे झाला होता. तुम्ही एकदा म्हणालात की या घरात..." तिने वाक्य सोडून दिले. "रात्रीच रद्द केली मी."

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. उठलो असतो असे मी म्हणू शकलो नाही, कारण मला ते ठाऊक नव्हते.

मी आत जाऊन कपाटातून लॉकरची किल्ली आणली आणि तिच्यापुढे धरली. तिने मान हलवली.

"किल्ली नको, आबा. ती तुमची आहे. मला माझे कागद पाहिजेत."

पुढच्या आठवड्यात आम्ही धुळ्याला गेलो. दिवस तिने ठरवला आणि गाडीही तिनेच. मी फक्त किती वाजता तयार राहू एवढे विचारले. लॉकरच्या खोलीत तोच अधिकारी होता. त्याने आम्हा दोघांना ओळखले आणि लगबगीने आपली किल्ली लावली. नातीने फाइल काढली, आतला एकेक कागद पाहिला आणि आपल्या पिशवीत ठेवला.

"आबा, बाकीचं आत राहू द्यायचं ना?" अधिकाऱ्याने विचारले.

"माझं राहू द्या," मी म्हणालो. "तिचं ती घेऊन जाते आहे."